फर्दापूरचा आतला कारभार

छत्रपती संभाजीनगराहून जळगावकडे जाणाऱ्या रस्त्याने अजिंठ्याचा घाट उतरून खाली आले की सोयगाव तालुक्यातील फर्दापूर हे गाव लागते, आणि ते लागले न लागले तोच प्रवासी त्याच्याकडे पाठ फिरवून लेण्यांची बस धरतो. हा परिपाठ इतक्या नियमाने चालत आलेला आहे की, ज्या गावांवरून सारे जग गेले परंतु ज्यांत कोणी थांबले नाही अशा गावांची यादी एखाद्या दफ्तरात ठेवली गेलीच, तर तीत फर्दापूरचा अनुक्रम फारसा खाली लागणार नाही. येथे मोगल अमदानीतली सराई आहे. 1948 पर्यंत येथे निजामाचा अंमल होता. लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्यासाठी लेडी हेरिंगहॅम आणि त्यांच्या समवेत नंदलाल बसू, असितकुमार हलदार यांसारखे तरुण चित्रकार याच परिसरात येऊन राबून गेले. परंतु या सर्वांची दृष्टी डोंगराच्या पोटातील भिंतींवर खिळलेली होती, आणि फाट्यावर निवांत रवंथ करीत बसलेल्या म्हशीकडे, खांब हुंगणाऱ्या कुत्र्याकडे किंवा माळावरच्या शेळीकडे कलेच्या अभ्यासकाने पाहावे, असा काही दंडक त्या काळी नव्हता आणि आजही नाही.

दंडक नसला तरी मुभा आहे, आणि बस सुटायला अवकाश असेल तर वेळही असतो. खाजगी गाड्या फाट्यावरच अडवल्या जातात आणि पुढचे चार किलोमीटर लेण्यांच्याच बसने जावे लागते, कारण मोटारींच्या धुराने चित्रांस अपाय होतो. या सक्तीच्या मुक्कामात मनुष्येतर रहिवाशांचे जे निरीक्षण घडते, त्यावरून माझे असे मत झाले आहे की, अजिंठ्याला येणारा मनुष्य आपल्या रसिकतेचा आणि बुद्धीचा जो बडेजाव मिरवतो तो त्याच्या नाकाने, कानाने, मूत्रपिंडाने किंवा कातडीने उचलून धरण्याजोगा मुळीच नाही. आणि ज्या दोनच बाबतींत तो या गावच्या जनावरांहून खरोखर सरस आहे, त्यांतील एकीची त्याला लाज वाटते व दुसरीचा तो उपयोग करीत नाही.

प्रथम कारभाराची रचना सांगणे इष्ट होईल. प्रत्येक सस्तन प्राण्याच्या देहात एक कचेरी अहोरात्र उघडी असते. मेंदूच्या तळाशी अधश्चेतक हे सदर दफ्तर असून त्याला लगटून पीयूषिका ग्रंथी बसलेली असते. तेथून निघालेले हुकूम रक्तामार्गे मुलूखभर फिरतात. हे हुकूम म्हणजेच संप्रेरके. खलिता सर्वांच्या दारावरून जातो, परंतु तो वाचण्याची सनद ज्या पेशीपाशी आहे तीच तो उघडते, बाकीच्या पेशी आपले काम निमूटपणे करीत राहतात. आणि परक्याची टपाल फोडून वाचण्याची आपल्याकडील जुनी खोड देहाच्या या कचेरीत शिरलेली नाही, ही सृष्टीची मोठीच कृपा म्हटली पाहिजे. ही व्यवस्था मनुष्याच्या ध्यानात आणून दिली तीही एका कुत्र्याने. 1902 साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी एका कुत्र्याच्या आतड्याचे मज्जातंतू तोडले, तरीही त्या आतड्यात आम्ल घालताच स्वादुपिंडाला वर्दी पोहोचली व पाचकरस स्रवू लागला. तार तुटली असताही हुकूम जातो, म्हणजे तो रक्तातून जातो, असा निष्कर्ष निघाला. आणि 1905 मध्ये स्टार्लिंगने या दूतांस हॉर्मोन हे नाव बहाल केले. नाव स्टार्लिंगचे झाले. कुत्र्याच्या वाट्याला शास्त्राच्या इतिहासात नुसता एक तळटीपेचा तुकडा आला.

त्या कुत्र्याचे फर्दापुरातील भाऊबंद मात्र अशा मानापमानाची पर्वा करीत नाहीत, कारण त्यांना दिवसभर वाचन असते. फाट्यावरच्या विजेच्या खांबापाशी सकाळी उभे राहून पाहावे. एक लालसर कुत्रा येतो, खांबाच्या बुडाशी नाक नेऊन थांबतो, अर्धी प्रदक्षिणा घालतो, पुन्हा पहिल्या जागी येऊन खात्री करून घेतो आणि मगच मागचा एक पाय उचलून चार थेंबांत आपला अभिप्राय नोंदवतो. सर्व मजकूर एकाच खांबावर खर्ची न घालता पुढच्या दहा खांबांसाठी शिल्लक राखतो. त्या चार थेंबांत नोंद करणारा नर की मादी, प्रकृतीने कसा, माजावर आहे की नाही, केव्हा येऊन गेला, हा सारा दाखला असतो. माणसाच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी सुमारे 50 ते 60 लाख मानतात, कुत्र्याच्या नाकात त्या 20 कोटींच्या पुढे जातात; तेव्हा ज्या फाट्यावर आपल्याला केवळ भज्यांचा आणि डिझेलचा वास येतो तेथे त्याला अख्ख्या गावाची रोजकीर्द उघडी पडलेली दिसते.

या संदर्भात कॅप्टन जॉन स्मिथ यांचे स्मरण अपरिहार्य आहे. 28 एप्रिल 1819 रोजी कंपनी सरकारच्या घोडदळातील हा अंमलदार वाघाच्या शिकारीवर असता वाघूर नदीच्या खोऱ्यात आला आणि त्याला लेण्यांचा पत्ता लागला, हे सर्वांना ठाऊक आहे. वाघ जवळपास असल्याच्या कल्पनेने त्याच्या अधिवृक्क ग्रंथींनी त्या वेळी रक्तात ॲड्रेनॅलिन सोडलेले असणार, त्याने डोळ्याच्या बाहुल्या विस्फारल्या असणार, आणि विस्फारलेल्या त्या बाहुल्यांतून झाडीमागची कमान दिसली असणार. म्हणजे अजिंठ्याच्या शोधाच्या श्रेयातील काही आणे तरी त्याच्या मूत्रपिंडांवरच्या या दोन ग्रंथींच्या नावे जमा केले पाहिजेत. परंतु पुढे त्याने जे केले त्याचा संबंध थेट फाट्यावरच्या खांबाशी पोहोचतो. दहाव्या लेण्यातील खांबावर, रंगविलेल्या आकृतीवरच, त्याने आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. लेण्यात त्या काळी माती-दगडांची भर साचलेली होती व तो तिच्यावर उभा होता, म्हणून ते नाव आज आपल्या डोक्याच्याही वर दिसते. कुत्रेदेखील शक्य तितक्या उंचीवर नोंद करण्याचा यत्न करते, हे प्राणिशास्त्रज्ञ सांगतातच. पुढे कैक देशी प्रवाशांनी खिळा, कोळसा आणि बाण रुतलेले हृदय यांच्या साह्याने ही परंपरा चालवली. फरक इतकाच की, कुत्र्याची नोंद पहिल्या पावसात बरखास्त होते आणि 1958 च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यान्वये तो गुन्हाही ठरत नाही.

कुत्र्यानंतर रेड्याचा मान. म्हशीने मूत्रविसर्जन केले की रेडा तेथे जाऊन हुंगतो, मान आडवी ताणतो, वरचा ओठ उलटा दुमडून बिनदातांची वरची हिरडी उघडी टाकतो, डोळे अर्धवट मिटतो आणि काही काळ असा समाधिस्थ उभा राहतो. पाहणाऱ्याला वाटते, जनावराला शिसारी आली. वस्तुतः तो गंधाचे कण टाळूच्या वर असलेल्या जेकबसन इंद्रियाकडे चढवीत असतो आणि म्हैस माजावर आहे किंवा कसे याचा निवाडा करीत असतो. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीपुढे उभ्या राहणाऱ्या काही कलासमीक्षकांच्या चेहऱ्यावर हीच मुद्रा मी पाहिली आहे. मात्र मनुष्याचे जेकबसन इंद्रिय नामशेष झालेले असल्यामुळे त्या मुद्रेतून निवाडा निघत नाही, लेख निघतो.

म्हशीचा स्वतःचा कारभार दोन खात्यांत विशेष पाहण्याजोगा आहे. पैकी पहिले खाते पान्ह्याचे. कासेत दूध असणे वेगळे आणि ते उतरणे वेगळे. रेडकू लुचले किंवा ओळखीच्या हाताने कास धुतली गेली म्हणजे स्पर्शाची वर्दी मेंदूपर्यंत जाते, पीयूषिकेतून ऑक्सिटोसिनचा हुकूम सुटतो, कासेतील दुग्धकोशांभोवतीचे स्नायू आकुंचन पावतात आणि पान्हा फुटतो. परंतु भय किंवा परका माणूस समोर आला की ॲड्रेनॅलिन मध्ये पडते व आधीचा हुकूम तहकूब होतो. गावातल्या एका गोठ्याशी पहाटे कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या एका पाहुण्यास धार काढणाऱ्या बाईने सांगितले, “जरा लांब व्हा ना भाऊ, तुमच्यापायी ती पान्हा चोरू राहिली.” ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत प्रथम बनवल्याबद्दल व्हिन्सेंट डू व्हिग्नोड यांस 1955 चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यावर प्रतिबंध घालणाऱ्या कारणाचे निदान त्या बाईने धार न थांबवता केले, आणि त्याबद्दल तिला त्या दिवशी अर्धा शेर दूध कमी मिळाले.

दुसरे खाते कातडीचे. म्हशीची कातडी काळी, केस विरळ आणि घर्मग्रंथी गाईच्या मानाने फारच थोड्या. म्हणजे ऊन घेण्याची तरतूद भरपूर आणि ते परत करण्याची व्यवस्था तुटपुंजी. म्हणून वैशाखात ती डबक्यात बसते आणि अंगावर चिखलाचा थर घेते, जो वाळता वाळता उष्णता काढून नेतो व माश्याही दूर ठेवतो. तिच्या या बसण्याला आळस म्हणण्याची प्रथा आहे. परंतु फारसा घाम न येणाऱ्या प्राण्याने उधारीवर आणलेला तो घाम आहे, हे जाणणाऱ्याने तिच्याविषयी अधिक अदबीने बोलावे.

काटकसर पाहावयाची असेल तर शेळीपाशी जावे. मनुष्याची दोन मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे 180 लीटर द्रव गाळतात आणि त्यांतला दीड लीटर वजा करून बाकी सारा परत रक्तात जमा करतात; हंसाच्या नीरक्षीरविवेकाचे जे कौतुक कवी करीत आले, तो विवेक प्रत्येक कारकुनाच्या कंबरेत घड्याळाच्या काट्याबरोबर चालू असतो, याची त्या कारकुनाला कल्पनाही नसते. रक्त घट्ट होऊ लागले की पीयूषिकेतून व्हासोप्रेसिनचा हुकूम निघतो व वृक्कनलिका अधिक पाणी वसूल करतात. पाण्याच्या अशा ताणाच्या दिवसांत माणूस आपले मूत्र रक्ताच्या सुमारे चौपट घट्ट करू शकतो, कुत्रा आठपट, मांजर दहापट. शेळी तर पाण्याचा शेवटचा थेंबही मोठ्या आतड्यात पिळून घेते. तिच्या लेंड्या फर्दापूरच्या माळावर खडखडीत वाळून पडलेल्या असतात त्या तिच्या जमाबंदीचा पुरावा होत. म्हशीच्या शेणाचा ऐसपैस पो पाहिल्यावर दोन्ही खात्यांच्या हिशेबनिसांत किती अंतर आहे ते वेगळे सांगावे लागत नाही. शेळीच्या डोळ्याची बाहुली आडवी असते, त्यामुळे तिला पुढचे, बाजूचे आणि जवळजवळ मागचेही एकदम दिसते. शिवाय चरण्यासाठी तिने मान खाली घातली तरी डोळा खोबणीतल्या खोबणीत फिरून बाहुली जमिनीला समांतर ठेवतो. खाली मान घालून खात असताना चहूकडे नजर ठेवण्याची ही विद्या मनुष्यांपैकी काही थोड्या वसुली खात्यांतच आढळते.

आता लेण्यात शिरावे. पहिल्या लेण्याच्या एका स्तंभशीर्षावर चार हरणे कोरलेली असून त्या चौघांत मिळून मस्तक एकच आहे. ज्या धडाकडे पाहावे त्याचेच ते वाटते. वाटाड्या हा चमत्कार दाखवून पुढे सरकतो, परंतु शरीरशास्त्राचा विचार करणारा माणूस तेथे अडकून पडतो. मस्तक एक म्हणजे पीयूषिका एक. धडे चार म्हणजे मूत्रपिंडे आठ आणि अधिवृक्क ग्रंथीही आठ. तहान लागली एका धडाला तर पाणी वाचवण्याचा हुकूम आठही मूत्रपिंडांवर बजावला जाणार. वाघाचा वास आला की आठ ग्रंथी एकदम ॲड्रेनॅलिन सोडणार आणि सोळा पाय चार दिशांना धाव घेणार, म्हणजे हरीण जागचे हलणारच नाही. वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळी, पाचव्या शतकात, शिल्पकाराने ही आकृती कोरली ती निव्वळ गंमत म्हणून, असे मानतात. मला मात्र असा संशय आहे की, त्याने मजुरीचा अर्ज घेऊन कुठल्या तरी कचेरीत बरेच हेलपाटे घातलेले असावेत.

या लेण्यांतील सर्वांत जुने रसिक म्हणजे वटवाघळे. त्यांच्या विष्ठेने आणि मूत्राने चित्रांचे अतोनात नुकसान झाले, हे संवर्धकांचे गाऱ्हाणे रास्त आहे. परंतु आरोपीची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. कीटकभक्षी वटवाघूळ अंधारात कानाने पाहते. ते आपल्याला ऐकू न येणारा तीक्ष्ण ध्वनी सोडते आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून समोरच्या वस्तूचा आकार, अंतर व पोत ओळखते. आता सपाट गिलाव्यावर पद्मपाणी काढलेला असो की नुसता चुना फासलेला असो, दोहोंचा प्रतिध्वनी सारखाच. म्हणजे ज्या चित्रांसाठी जग सातासमुद्रांपलीकडून येते ती वटवाघळाच्या लेखी कोरी भिंत आहे. उलट खांबावरचे कोरीव काम त्याला रेषेन्‌रेष ऐकू येते. वटवाघळांची कलापरिषद भरली तर ती वेरुळास प्रथम क्रमांक देऊन अजिंठ्याचा अर्ज नामंजूर करील, आणि तिच्या इंद्रियांच्या पुराव्यावर तो निकाल अपिलातही फिरणार नाही.

बाहेरच्या कड्यावर लटकलेल्या आग्या मोहोळाचा न्याय याहून कडक असतो. आग्यामाशी डंख मारते तेव्हा डंखासोबत धोक्याचा एक गंध सोडते, आणि तो हुंगताच इतर माश्या तुटून पडतात. त्या गंधातील एक मुख्य द्रव्य आणि पिकल्या केळ्याच्या वासातील मुख्य द्रव्य एकच आहे. फर्दापूर जळगावच्या वाटेवर, आणि जळगाव केळ्यांचे माहेर. तेव्हा खानदेशी फण्या पिशवीत घेऊन कड्याखालून जाणाऱ्यांनी आपल्या शिदोरीचा भावार्थ माशीच्या बाजूनेही एकदा वाचून पाहावा.

राहता राहिला मनुष्य. त्याचे नाक मंद, कान जाड, मूत्रपिंड मध्यम प्रतीचे. परंतु त्याच्या कातडीत 20 ते 40 लाख घर्मग्रंथी आहेत, आणि एक लीटर घाम वाळला की सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता देहाबाहेर जाते. कुत्र्याला जीभ बाहेर काढून धापा टाकाव्या लागतात, म्हशीला डबके शोधावे लागते. गाढव-घोड्यांसारखे घामट प्राणी सोडले तर भर उन्हात लेण्यांच्या पायऱ्या चढत राहण्याची ताकद या गावात माणसाएवढी कोणातच नाही. आणि नेमक्या याच बिरुदावर तो अत्तर शिंपडतो, रुमालाने ते वरच्या वर पुसून टाकतो व पुसता पुसता ‘फारच घाम येतो हो येथे’ अशी तक्रार करतो. त्यात भर म्हणजे, वाटेत स्वच्छ शौचालय मिळेल की नाही या धास्तीने कित्येक बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत. मग घामाला रक्तातून उचल द्यावी लागते, व्हासोप्रेसिन वसुलीला निघते, आणि या जुलमाचा ताळेबंद पुढे मुतखड्याच्या रूपाने हाती पडतो. यात दोष त्या बायकांचा नाही. शौचालय हे प्रवासातील चैनीचे कलम मानणाऱ्या आपल्या सर्वांचा आहे.

दुसरे वैभव डोळ्याचे. कुत्रा, गाय, म्हैस, शेळी यांच्या डोळ्यांत रंग ओळखणारे शंकुपेशींचे प्रकार दोनच. अजिंठ्याच्या भिंतीवरचा गेरूचा तांबडा रंग त्यांना मळकट पिवळा दिसेल. बदख्शानहून आलेल्या लाजवर्दाचा निळा तेवढा त्यांना पटेल. माशीला तांबडे मुळी दिसतच नाही. अजिंठ्याचे तांबडे, हिरवे, निळे असे संपूर्ण रंगवैभव पाहण्यास लागणारे तीन प्रकारच्या शंकुपेशींचे डोळे या साऱ्या पंचक्रोशीत दोनच सस्तन जातींपाशी आहेत: एक मनुष्य आणि दुसरे वानर. पैकी वानर लेण्यांच्या आवारात तिकीट न काढता वावरतो, आणि त्याला चित्रे पाहण्याची संपूर्ण पात्रता असूनही तो लोकांच्या पिशव्यांकडे पाहतो. मनुष्य तिकीट काढून आत जातो, आणि त्याला तीच पात्रता असूनही तो मोबाईलच्या पडद्याकडे पाहतो. दोघांत अधिक सुज्ञ कोण, हे ठरवताना निदान वानराला पिशवीत काही खायला मिळते, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

तेव्हा वाचकांस विनंती इतकीच की, फर्दापूरला जाल तेव्हा पाणी पोटभर प्या, घामाची लाज बाळगू नका, केळी फाट्यावरच संपवा, भिंतीवर नाव लिहिण्याचे काम त्या लालसर कुत्र्याकडे सोपवा, आणि आत गेल्यावर तो पडदा खिशात घालून काही वेळ तरी केवळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. मात्र सोमवारी जाऊ नका; त्या दिवशी लेणी बंद असतात.